कुंपण आणि शेत : वाद, जल्प आणि प्रचार

ऐकणाऱ्याच्या विचाराला वळसा घालून त्याचे मत किंवा वागणे ठरवण्यासाठी योजून केलेले बोलणे म्हणजे प्रचार. या व्याख्येत खोटेपणाचा उल्लेख नाही, आणि तो चुकून राहिलेला नाही. प्रचारातली वाक्ये पुष्कळदा खरी असतात. आकडा बरोबर असतो, छायाचित्र अस्सल असते, साक्षीदारही हाडामांसाचा असतो. पण या खऱ्या तुकड्यांची जुळणी अशी केलेली असते की थांबून विचारावा असा प्रश्नच ऐकणाऱ्याला सुचू नये. त्यामुळे प्रचार ओळखणे हे नुसते खरे-खोटे निवडण्याचे काम राहत नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा, कोणत्या बोलण्यातून ज्ञान होते आणि कोणत्यातून होत नाही, हा दर्शनशास्त्रातला जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

मराठीत 'प्रचार' हा शब्द तसा निरुपद्रवी आहे. साक्षरतेचा प्रचार होतो, खादीचा होतो, निवडणुकीचाही होतो. वाईट अर्थ आणायचा तर 'अप' हा उपसर्ग जोडावा लागतो. बोलभाषेने मात्र भेद बारकाईने केले आहेत. टिमकी वाजवतात ती स्वतःची, कंडी पिकवतात ती दुसऱ्याविषयी आणि हूल उठते ती शत्रू आल्याची. जाहिरात, राजकारण आणि युद्ध यांचा हा जवळजवळ नकाशाच आहे.

युरोपीय भाषांतला 'प्रोपगांडा' हा शब्द धर्मकारणातून आला. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये श्रद्धेच्या प्रसारासाठी रोममध्ये एक मंडळ स्थापन केले. त्याच्या लॅटिन नावात हा शब्द होता. गोवा आणि मुंबई यांचा या नावाशी थेट संबंध आला. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाला असलेला हक्क, म्हणजे 'पाद्रोआदो', आणि रोमचे हे नवे मंडळ यांच्यात दीर्घकाळ तंटा चालला. दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस द कास्त्रो यांना या मंडळाच्या बाजूने १६३७ मध्ये बिशपपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही आणि त्यांनी विजापूरच्या आदिलशाही मुलखात, डिचोलीला आपले ठाणे केले. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत एखादे चर्च 'प्रोपगांडाचे' म्हटले तर ती शिवी नव्हती. ते कोणाच्या अधिकाराखाली आहे एवढेच त्यातून कळे. शब्दाला काळोखी लागली ती पहिल्या महायुद्धानंतर.

शब्द नवा असला तरी त्यामागची गोष्ट नवी नाही, आणि ती तोलण्याची साधने भारतीय परंपरेत बरीच आधी घडली. न्यायसूत्रे चर्चेचे तीन प्रकार मानतात. वादात दोन्ही पक्ष प्रमाण आणि तर्क यांच्या आधाराने बोलतात आणि दोघांनाही तत्त्व काय ते ठरवायचे असते. आपला पक्ष पडला तरी वादी काही गमावत नाही. जल्पात जिंकायचे असते, म्हणून तिथे छल चालतो, फसवी उत्तरे चालतात, समोरच्याला शब्दात पकडणे चालते. वितंडेत तर स्वतःचा पक्षच मांडायचा नसतो. दुसऱ्याचे मोडायचे, एवढेच. या वर्गीकरणात कसोटी वाक्याच्या खरेपणाची नाही. बोलणारा ऐकणाऱ्याला कोणत्या नात्याने वागवतो, त्याला शोधातला सोबती मानतो की पाडायचा गडी, ही कसोटी आहे. आधुनिक प्रचार हा या अर्थाने जल्पाचा वंशज म्हणावा लागेल. फरक एवढाच की जल्पात समोरचा बोलू शकतो आणि सभेत मध्यस्थ बसलेला असतो. प्रचारात समोर बसलेल्याला तोंड नसते.

पण न्यायसूत्रे जल्पाला सरसकट त्याज्यही ठरवत नाहीत, आणि इथून खरी अडचण सुरू होते. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे जल्प आणि वितंडा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी वापरावे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. समोरचा कपटाने बोलत असेल तर सरळपणाने सत्य उघडे पडून तुडवले जाईल, ही त्यामागची भीती. लढणाऱ्या प्रत्येक सरकारने, प्रत्येक पक्षाने आणि चांगल्या कामासाठी निधी गोळा करणाऱ्या कित्येक संस्थांनी पुढे हेच समर्थन दिले आहे : आपला प्रचार म्हणजे कुंपण. मराठीत कुंपणाविषयी आणखी एक म्हण आहे, कुंपणच शेत खाते ही. प्रचाराचा नैतिक प्रश्न या दोन कुंपणांच्या मध्ये कुठेतरी आहे.

ओळखीची पहिली खूण बोलणाऱ्यापाशी सापडते. न्यायमत शब्दाला प्रमाण मानते, पण आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण, हे वात्स्यायनाच्या भाष्यात सांगितले आहे : ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे, ती जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे आणि त्या इच्छेनेच जो बोलायला प्रवृत्त झाला आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही भाष्यकार पुढे जोडतो. म्हणजे प्रतिष्ठा, जन्म किंवा वेश यांना इथे जागा नाही. जाणकारी हवी, आणि बोलण्यामागचा हेतू तोच हवा.

जाहिरातीतली नामवंतांची साक्ष या लक्षणावर एका क्षणात पडते. षटकार ठोकणाऱ्या खेळाडूला सिमेंटची परीक्षा असण्याचे कारण नाही, आणि तो बोलायला प्रवृत्त झाला आहे तो मोबदल्याने. १९४६ पासून अमेरिकेतल्या एका तंबाखू कंपनीने, इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर कॅमल जास्त ओढतात, अशी मोहीम काही वर्षे चालवली. डॉक्टर काय ओढतो यावरून सिगारेटच्या गुणदोषांचे काहीच कळत नाही. पण पांढऱ्या कोटाची आब सिगारेटला लागली, आणि कंपनीला तेवढेच हवे होते. झेंडा, मंदिराचा कळस, सैनिकाचा गणवेश, हसरे बाळ यांची चित्रे मालाशेजारी ठेवण्यामागे हेच गणित असते. एकाचा पवित्रपणा शेजारच्या वस्तूवर सांडावा, एवढीच अपेक्षा.

याहून अवघड प्रकार तो, ज्यात बोलणारा कोण हेच लपवलेले असते. ३१ मार्च १९२९ च्या ईस्टर रविवारी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणींनी चारचौघांत सिगारेटी पेटवल्या. स्त्रीने रस्त्यात धूम्रपान करणे तेव्हा अशिष्ट मानले जाई. म्हणून या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' असे नाव मिळाले आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. मोहीम आखली होती एडवर्ड बर्नेज यांनी, अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी. ते फ्रॉइडचे भाचे. त्यांनी आदल्याच वर्षी 'प्रोपगांडा' नावाचे पुस्तक लिहून या धंद्याचे उघड समर्थन केले होते. स्त्रीस्वातंत्र्याची मागणी खरी होती आणि तरुणीही खऱ्या होत्या. लपलेला होता तो फक्त गिऱ्हाईक शोधणारा कारखानदार.

ऑक्टोबर १९९० मध्ये वॉशिंग्टनला काँग्रेस सदस्यांच्या एका मानवाधिकार गटापुढे पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने साक्ष दिली. इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबपेट्यांतून काढून थंड फरशीवर मरायला टाकले, हे तिने डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले. राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशांनी ही हकीकत पुन्हा पुन्हा उद्धृत केली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ मतांनी संमती दिली, त्या चर्चेतही ती आली. वर्षभराने उघड झाले की साक्षीदार मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूताची कन्या होती आणि साक्षीची व्यवस्था एका जनसंपर्क कंपनीने, कुवेती पैशावर चालणाऱ्या संघटनेसाठी केली होती. हकीकतीला स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही. कुवेतवरचे आक्रमण मात्र खरे होते आणि तिथले अत्याचारही खरे होते. वात्स्यायनाची कसोटी लावणाऱ्याने बाळांविषयी शंका घेण्याआधी एवढेच विचारले असते, की ही मुलगी कोण आणि तिला इथे कोणी आणले.

कौटिल्याला हे सगळे ठाऊक होते. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात एक सूचना आहे : तीर्थात, सभेत, लोक जमतील तिथे दोन हेरांनी आपसांत वाद घालावा. एकाने राजाला नावे ठेवावी, दुसऱ्याने मत्स्यन्यायाला गांजलेल्या लोकांनी मनूला राजा कसा केला ही कथा सांगून त्याचे तोंड बंद करावे. दोघेही एकाच पगारावर. ऐकणाऱ्याला वाटते की आपण वाद ऐकला. प्रत्यक्षात त्याच्यापुढे वादाचे सोंग वठवलेले असते. दूरचित्रवाणीवरच्या काही चर्चा पाहताना हे प्रकरण आठवले तर दोष कौटिल्याचा नाही. तेराव्या अधिकरणात तर शत्रूचा किल्ला घेऊ पाहणाऱ्या राजाने आपण सर्वज्ञ आहोत आणि देव आपल्याशी बोलतात अशी ख्याती पसरवावी, असे सांगून त्याची यंत्रणाही दिली आहे. भुयारातून देवमूर्तीच्या पोकळीत शिरलेली माणसे मूर्तीच्या तोंडून बोलतात, पाण्यातून नागाच्या वेशात माणसे वर येतात, आणि ज्योतिषी, शकुन सांगणारे, पुराणिक ही वार्ता गावोगाव नेतात. श्रद्धेचा इतका कोरडा वापर सांगणारा मजकूर संस्कृतात विरळा.

दुसरी खूण पुनरुक्तीची. पंचतंत्राच्या काकोलूकीय तंत्रात खांद्यावर बोकड घेऊन निघालेल्या ब्राह्मणाची गोष्ट आहे, आणि ती अख्ख्या विषयाचे सार आहे. वाटेत थोड्या थोड्या अंतराने भेटलेले तीन ठग ते जनावर बोकड नव्हे, कुत्रे आहे असे सांगतात आणि शेवटी ब्राह्मण ते टाकून पळतो. गोष्ट लहान मुलांची मानली जाते, पण तिची रचना बारीक आहे. ठग एकत्र भेटले असते तर डाव फसला असता. ते वेगवेगळे, एकमेकांना अनोळखी असल्यासारखे भेटतात, म्हणून एकच खोटे तीन साक्षींचे होते. शिवाय ते ब्राह्मणाच्या नेमक्या भीतीवर, विटाळाच्या भीतीवर, बोट ठेवतात. १९७७ मध्ये लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विधानांच्या याद्या देऊन ती कितपत खरी वाटतात ते विचारले. जी विधाने पुन्हा आली ती, खरी असोत की खोटी, दर वेळी जास्त खरी वाटू लागली. कानाला ओळखीचे वाटणे आणि मनाला पटणे यांतला फरक माणसाला आतून कळत नाही. मोबाइलवर पाच गटांतून आलेला एकच मजकूर पाच जणांचा वाटतो, तो याच कारणाने. 'सगळे आमच्याकडे येत आहेत' ही लाटेची भाषाही पुनरुक्तीचीच बहीण : आधीच्या दोन वाटसरूंनी कुत्रे म्हटले, तिसऱ्याने वेगळे कशाला म्हणावे?

शब्दांच्या करामतींसाठी न्यायसूत्रांतला छलाचा विचार अजून पुरेसा धारदार आहे. छल तीन प्रकारचा. वाक्छलात अनेकार्थी शब्दाचा नको तो अर्थ धरतात. शास्त्रातले उदाहरण 'नव' या शब्दाचे आहे, नवी कांबळ म्हटले की नऊ कांबळी कुठे आहेत असे विचारायचे. सामान्यछलात संभाव्य म्हणून केलेले विधान सार्वत्रिक नियम म्हणून ताणतात. उपचारछलात लाक्षणिक बोलणे शब्दशः घेतात : माळे ओरडताहेत म्हटले की लाकूड कसे ओरडेल? जाहिरातीत पहिले दोन उलट दिशेने चालतात. '९९ टक्क्यांपर्यंत' या शब्दातला 'पर्यंत' शून्यालाही सामावून घेतो. 'वाढीस मदत करते' यातली मदत किती, हे कोणी मोजलेले नसते. एका गोरेपणाच्या मलमाने १९७५ पासून नावातच गोरेपणा आणि सौंदर्य यांची सांगड घातली होती. २०२० मध्ये नावातला गोरेपणा जाऊन तिथे चकाकी आली. सांगड शब्दाची होती तोवर ती निदान दिसत होती.

'विकास', 'परंपरा', 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'परिवर्तन' हे शब्द दुसऱ्या तऱ्हेने काम करतात. त्यांत छल करण्याइतकाही ठोस अर्थ नसतो. प्रत्येक ऐकणारा आपापला अर्थ त्यात ओततो आणि बोलणाऱ्याशी आपले पटले असे समजतो. 'मी तुमच्यातलाच' म्हणत चुलीवरची भाकरी खाणारा उमेदवार यांचाच भाऊबंद, आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो.

निरुपद्रवी नसतो तो शिक्का. माणसाला त्याच्या मताऐवजी एका नावाने ओळखायला लावले की त्याचे म्हणणे ऐकायची गरज उरत नाही. राजकारणात हे रोज घडते आणि बरेचसे हवेत विरून जाते. पण नाव माणसाला माणसांतून काढणारे असेल तर गोष्ट वेगळी. रुआंडात १९९३ मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम या खासगी रेडिओने तुत्सी लोकांसाठी 'झुरळे' हा शब्द दिवसरात्र वापरला. गाणी आणि विनोद यांच्या मधोमध. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवस जो नरसंहार झाला त्यात याच रेडिओने माणसे कुठे लपली आहेत तेही सांगितले. डिसेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने माध्यमवाल्यांना या प्रकरणी दोषी ठरवले. वाक्य खोटे होते म्हणणे इथे अपुरे आहे. कोणी माणसाला झुरळ म्हणतो तेव्हा तो जीवशास्त्राचे विधान करत नसतो. तो एका कृतीची परवानगी देत असतो.

अर्धसत्याचा प्रश्न महाभारताने एका प्रसंगात बांधून ठेवला आहे. द्रोणपर्वात अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला जातो, युधिष्ठिर 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने आणि 'हत्ती' हे पुटपुटत सांगतो, आणि तोवर भूमीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकतो. 'नरो वा कुंजरो वा' ही म्हण मराठीत मोघम बोलण्याला वापरतात. मूळ प्रसंग मोघमपणाचा नाहीच. द्रोणाने बाकीच्यांवर विश्वास ठेवला नाही. धर्मराजाला विचारले, कारण तो आप्त. शस्त्र म्हणून वापरले गेले ते वाक्य नव्हते, आयुष्यभराची सत्यनिष्ठा होती. ती एकदाच वापरता येते. जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली अट म्हणजे आजचा पुटपुटलेला कुंजर. भारताच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, अशी अट दाव्याच्याच भाषेत हवी आणि तिने दाव्याची फसवणूक झाकू नये, असे म्हटले आहे. हत्ती मोठ्याने म्हणा, एवढाच त्याचा अर्थ.

जैन विचाराने याच दोषाला तात्त्विक नाव दिले. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांनी दुर्नय, नय आणि प्रमाण असा भेद केला आहे. वस्तूची एक बाजू सांगणे म्हणजे नय, आणि त्यात गैर काही नाही. हीच एक बाजू, दुसरी नाहीच, असे सांगणे म्हणजे दुर्नय. वकील नयाने बोलतो आणि तसे बोलतो हे सगळ्यांना माहीत असते. प्रचारक तेच बोलणे प्रमाण म्हणून विकतो. सोयीचे पत्ते वर आणि गैरसोयीचे बाहीत, हा खेळ पकडायचा तर समोरच्या वाक्यांकडे पाहून भागत नाही. जे सांगितले गेले नाही त्याची यादी करावी लागते, आणि ती करायला विषयाचे थोडे तरी ज्ञान लागते. कोणतीही युक्त्यांची जंत्री ही उणीव भरून काढत नाही.

वितंडेचे आधुनिक रूप तंबाखू उद्योगाने घडवले. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० च्या दशकात स्पष्ट होऊ लागला, तेव्हा 'सिगारेट निर्धोक आहे' हा पक्ष सिद्ध करणे शक्य नव्हते. मग पक्ष मांडायचाच नाही असे ठरले. अजून संशोधन हवे, तज्ज्ञांत एकमत नाही, आकडेवारीने कारण सिद्ध होत नाही, असे म्हणत राहायचे. ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात तर आपला माल म्हणजे शंकाच, असे लिहिलेले पुढे सापडले. ही वितंडा शास्त्रशुद्ध होती, कारण तिने वादाचाच पोशाख घातला होता. शंका घेणे हा विचाराचा गुण आहे, आणि तोच विकायला काढला गेला.

या सगळ्या युक्त्या ओळखायला लोकांना शिकवावे म्हणून १९३७ मध्ये न्यूयॉर्कला प्रचार-विश्लेषणाची एक संस्था निघाली. कोलंबिया विद्यापीठाचे क्लाइड मिलर तिचे प्रवर्तक आणि बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांचा पैसा. तिने सात युक्त्यांची यादी केली : शिक्का मारणे, चमकदार मोघम शब्द, उसने वलय, नामवंताची साक्ष, 'तुमच्यातलाच' असल्याचा आव, पत्त्यांची लबाडी आणि लाट. शाळाशाळांत ही यादी गेली. १९३९ मध्ये तिने फादर चार्ल्स कॉफलिन या ज्यूद्वेष्ट्या रेडिओ-धर्मोपदेशकाच्या भाषणांचे याच चौकटीत केलेले विच्छेदन पुस्तकरूपाने छापले. १९४२ मध्ये संस्था बंद पडली. देश युद्धात उतरल्यावर निःपक्षपातीपणे सगळ्यांचा प्रचार तपासायचा तर आपल्या सरकारचाही तपासावा लागणार होता, आणि ते तेव्हा कोणाला रुचले नसते. कुंपणाची बाजू इथे जिंकली.

त्याच काळात लंडनमध्ये जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात काम करत होते. १९४१ ते १९४३ या काळात त्यांनी भारतासाठी युद्धाची साप्ताहिक वार्तापत्रे लिहिली. त्यांतली काही मराठी, गुजराती, बंगाली आणि तमिळमध्ये भाषांतर होऊन प्रसारित होत. सुभाषबाबू बर्लिनहून बोलत होते, त्यांना उत्तर द्यायचे होते. आपण साम्राज्याचा प्रचार करतो आहोत याविषयी ऑर्वेल यांना भ्रम नव्हता. प्रचार खरे बोलत असतानाही असत्यच असतो, असे त्यांनी १९४२ च्या रोजनिशीत नोंदवले. हिटलर जिंकणे हा याहून मोठा अनर्थ, म्हणून ते दोन वर्षे ते काम करत राहिले. हे समर्थन खोटे नव्हते. त्यांच्या वार्तापत्रांत ठोकून दिलेले असत्यही फारसे नव्हते. तरी ते त्याला प्रचारच म्हणत होते. हा प्रामाणिकपणा त्या धंद्यात दुर्मिळ.

उरतो ऐकणारा. फ्रेंच विचारवंत जॅक एल्यूल यांनी १९६२ मध्ये मांडले की प्रचाराला सर्वांत जास्त बळी पडतो तो शिकलेला माणूस. तो पडताळता न येणारी माहिती सर्वाधिक वाचतो, प्रत्येक प्रश्नावर आपले मत असलेच पाहिजे असे त्याला वाटते, आणि आपल्याला फसवता येणार नाही अशी त्याची खात्री असते. चरकसंहितेच्या विमानस्थानात हाच मुद्दा प्रतिपक्षाच्या बाजूने आला आहे. ज्याचे वाचन कमी त्याच्यावर लांबलचक सूत्रपाठाचा मारा करावा, ज्याला कळत कमी त्याच्यापुढे अवघड शब्द टाकावे, असा तिथला सल्ला आहे. प्रत्येकाच्या उणिवेच्या मापाने बोलणे कापायचे. जाहिरातदार आज वय, गाव आणि खरेदीची नोंद पाहून तेच करतो, फक्त शिंप्याची टेप बदलली आहे.

बौद्ध परंपरेतले केसमुत्ति सुत्त, म्हणजे कालामांना केलेला उपदेश, या प्रश्नाकडे ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहतो. गावात एकामागून एक श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो आणि दुसऱ्याला झोडपतो. मग विश्वास कोणावर ठेवायचा, असे कालाम विचारतात. बुद्ध दहा गोष्टी सांगतात ज्यांच्या एकट्या बळावर काही स्वीकारू नये. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ या अपेक्षित आहेत. पण त्याच यादीत नुसता तर्क आहे, आपल्या आधीच्या मताशी जुळणे आहे, आणि 'हा श्रमण आपला गुरू' हेही आहे. म्हणजे प्रचारकाचा सगळ्यात भरवशाचा मित्र, ऐकणाऱ्याचा पूर्वग्रह, इथे नावानिशी धरला आहे. पुढची पायरी आणखी वेगळी आहे. बुद्ध कालामांना विधाने तपासायला सांगत नाहीत; मनात लोभ, द्वेष आणि मोह उत्पन्न झाला तर त्यातून हित होते की अहित, असे विचारतात. दुकानाच्या जाहिरातीला लोभ लागतो, युद्धाच्या भोंग्याला द्वेष, आणि मोह दोघांनाही. एखादा मजकूर वाचल्यावर आपल्यात काय ढवळले गेले, हे बाहेरच्या कोणत्याही पुराव्याआधी स्वतःला तपासता येते.

मात्र ही कसोटी एकटी पुरत नाही, कारण खरी बातमीही मन ढवळते. न्यायमतात संशय हा विचाराचा आरंभ आहे आणि त्याचा शेवट निर्णयात व्हावा लागतो. संशयातच मुक्काम केला तर माणूस प्रचारातून सुटतो आणि सत्यालाही मुकतो. एप्रिल १९१७ मध्ये 'टाइम्स' आणि 'डेली मेल' या लंडनच्या पत्रांनी छापले की जर्मन सैन्य रणांगणावरची प्रेते एका कारखान्यात नेऊन त्यांची चरबी काढते. आधार होता एका जर्मन पत्रातल्या 'कडावर' या शब्दाचा. जर्मनमध्ये तो मुख्यतः मेलेल्या जनावराला वापरतात; इंग्रजीतला त्याच्यासारखा शब्द माणसाच्या प्रेताला. नव कांबळीचा छल, युद्धाच्या मापाचा. १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी कॉमन्स सभेत ही कथा निराधार असल्याचे मान्य केले, आणि १९२८ मध्ये आर्थर पॉन्सन्बी यांनी युद्धकाळातल्या असत्यांवर लिहिलेल्या पुस्तकात तिला ठळक जागा दिली. एक अख्खी पिढी तिच्यावर शहाणी झाली.

१७ डिसेंबर १९४२ रोजी ब्रिटनसह मित्रराष्ट्रांनी ज्यूंच्या संहाराचा जाहीर निषेध केला. त्यानंतर आठ महिन्यांनी, ऑगस्ट १९४३ मध्ये, पोलंडमधून येणाऱ्या विषारी वायूच्या कोठड्यांच्या बातम्या लंडनच्या परराष्ट्र खात्यात पुन्हा चर्चेला आल्या. संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी शेरा लिहिला की या गोष्टी मागच्या युद्धातल्या प्रेतांच्या चरबीच्या कथेची आठवण करून देतात आणि ती कथा धादांत खोटी होती. युक्ती ओळखायला ते बरोबर शिकले होते. त्या महिन्यात आउश्विट्झच्या कोठड्या चालू होत्या.